घोटभर पाणी

लकवा मारल्यापासून वडिलांना पातळ काही गिळता येत नव्हतं. पाणी घशातून भलत्याच वाटेनं फुफ्फुसात उतरायचं. परभणीच्या थेरपीवाल्या बाईंनी जिभेचे व्यायाम शिकवले आणि बजावलं, पाणीसुद्धा पेजेसारखं दाट करून, हनुवटी छातीकडे वळवून, चमच्यानंच पाजायचं. मी तसंच पाजत होते.

भेटायला येणाऱ्यांना ते पटेल तर ना! चहा आला की बशीत ओतून आधी आजाऱ्यापुढे करायचा, ही आमच्याकडची रीत. मी बशी अडवली की तोंडं वाकडी व्हायची. आत्या तर माझ्या देखतच म्हणाली, "माझ्या भावाला घोटभर पाणी बी देईना. कसली लेक हाय ही!" वडील त्या बशीकडे बघत राहायचे. मला त्यांचाही राग यायचा.

थंडीत ते गेले. अंगणात ठेवल्यावर भावकीतला एकेक जण येऊन त्यांच्या तोंडात पाणी सोडू लागला. मी उशाशी होते. आत्यानं तांब्या वाकवला, आणि सवयीनं माझा हात त्यांच्या हनुवटीकडे गेला.

आत्यानं तो बाजूला केला. "आता तरी पिऊ दे गं त्याला."