शटर उघडं होतं

ऑफिसात तिला सगळे 'पायावाली' म्हणत. कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून सुट्या भागांत येणारी गोदामं, वर्कशॉप, वर्गखोल्या यांच्यासाठी काँक्रीटचे पाये आखून देणं हे तिचं काम. वरचं सगळं इमारत बनवणाऱ्या कंपनीचं, जमिनीखालचं हिचं. कुणी नवीन रुजू झालं की ती त्याला हमखास समोर बसवून सांगे, "पाया ओझं पेलतो हे डोक्यातून काढून टाक. ही पत्र्याची इमारत, अंगानं हलकी. ती खचायची भीती कमी, उडायची जास्त. पाया तिला खाली दाबून धरतो. त्याला वजन हवं."

तिच्या ताईचे यजमान, तिचे भाऊजी, सुतार होते. खुर्च्या, कपाटं, पाळणे बनवत. भाड्याच्या जागेत बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी गावाबाहेर उंचवट्यावर एक तुकडा घेतला आणि तयार शेड मागवली. पाया कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

"मेव्हणीबाई, घरचं काम म्हणून ढिलाई नको हं," भाऊजी म्हणाले.

"उलट घरच्यांना जास्त कडक नियम," ती म्हणाली.

ती तेव्हा खरंच तसं ठरवून होती. पण त्याच आठवड्यात एका दवाखान्याचं काम अंगावर आलं. श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि भाऊजींच्या जागेवर खड्डे खणायला माणसं येऊन बसलेली. तिनं जुन्या एका गोदामाचं ड्रॉइंग काढलं. लांबी-रुंदी तीच, कंपनी तीच. वरचं नाव बदललं आणि पाठवून दिलं. नंतर निवांत एकदा तपासू, असं मनाशी म्हणाली. ते राहूनच गेलं.

ते गोदाम होतं सखल जागेत, तीन बाजूंनी झाडी, दार कायम बंद. भाऊजींची जागा उघड्या माळावर, आणि भुसा कोंडतो म्हणून ते पुढचं मोठं शटर दिवसभर वर ठेवत. हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. शेड उभी राहिल्यावर पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा तीच हसून म्हणाली होती, "भाऊजी, शटर कशाला घेतलंत? उगाच भार. पडदा लावायचा होता!"

पुढे एका दुपारी वारा सुटला. उघड्या शटरमधून आत शिरला आणि आतूनच छताला वर रेटू लागला. पुढचा कोपरा उचलला गेला, खांब वाकडा झाला, भिंतीला लावलेली फळ्यांची चळत कोसळली आणि भाऊजींचा पाय तिच्याखाली सापडला.

भाऊजींना दवाखान्यात दाखल करून ती तडक शेडकडे गेली. खांबाचे बोल्ट शाबूत होते, एकही वाकला नव्हता. पण खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा मुळासकट उपटलेल्या दाढेसारखा मातीतून वर आला होता. तिला हिशेब करायची गरज पडली नाही. ठोकळा लहान होता, बघताक्षणीच कळत होतं.

कंपनीचा माणूस शेजारी उभा होता. "शटर उघडं होतं ना?" तो म्हणाला. "मग वारा आत शिरणारच."

"हं," ती म्हणाली.

त्या एका 'हं'वर पुढचं सगळं उभं राहिलं. कंपनीच्या माणसानं ते भाऊजींना सांगितलं. भाऊजींना पटलं. भेटायला येईल त्याला ते पडल्यापडल्या सांगत, "माझीच चूक. शटर ओढून घ्यायला हवं होतं." आणि ताई! तिचा तर तोंडाचा पट्टाच सुरू झाला. उशी सरळ करताना, पाणी देताना, औषधाची गोळी हातावर ठेवताना. "किती वेळा सांगितलं होतं शटर बंद ठेवा म्हणून. ऐकतील तर शपथ! आता बसा पाय धरून."

भाऊजी ऐकून घेत. पायावाली रोज ऑफिस सुटल्यावर तिथे जाई, फळं कापून देई, आणि तीही ऐकून घेई. मनाशी म्हणे, उद्या सांगू. ताई जरा सावरू दे. पाय जरा बरा होऊ दे. रोज एक नवं कारण सापडे, आणि प्रत्येक कारण चांगुलपणाचंच वाटे. वर ताई तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणे, "तू कशाला एवढी वाळत चाललीयेस? तुझा काय दोष?"

एके दिवशी ताई भाऊजींना म्हणाली, "तुमच्या हट्टापायी आपण सगळेच बुडालो," आणि भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना तिनं पाहिले.

हातातली सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, पुरे. चूक त्यांची नाही. माझी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. जुनं ड्रॉइंग, उघडा माळ, लहान ठोकळा.

भाऊजींनी वळून विचारलं, "म्हणजे शटर उघडं असतानासुद्धा शेड टिकायला हवी होती?"

"हो. उघडंच राहणार हे धरून पाया करायचा असतो. आणि ते उघडं असतं हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

भाऊजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मला वाटत होतं, मीच सगळ्यांना खड्ड्यात घातलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती, आणि तेच तिला सोसेना.

राग ताईला आला. पण तो चुकलेल्या पायाबद्दलचा नव्हता.

"चूक कुणाकडूनही होते गं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मी या माणसाला रोज घालून-पाडून बोलत होते, आणि तू समोर बसून सफरचंद कापत होतीस? मला बोलू दिलंस?"

पायावाली चप्पल घालून निघाली. ताईनं 'जेवून जा' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांनाही सांगितलं. त्यांनी तिचा ड्रॉइंगवर सही करायचा अधिकार काही काळ काढून घेतला, तिनं आखलेले जुने पाये पुन्हा तपासायला लावले. बाकीचे ठीक निघाले. त्याचं तिला समाधान वाटलं नाही.

शेड पुन्हा उभी करायची वेळ आली तेव्हा भाऊजींनीच तिला फोन केला. "तूच कर. पण या वेळी वारा सुटला की इथं येऊन उभी राहा." ती गेली. भाऊजी काठी टेकत तिच्याबरोबर चारही कोपरे फिरले. ठोकळे आता दुपटीहून मोठे, आणि खोल. ड्रॉइंग तयार झाल्यावर ताईनं एकच निरोप पाठवला : दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घे. तिनं ते साहेबांकडून निमूटपणे तपासून घेतलं.

शेड उभी आहे. भाऊजी लंगडतात, बसून करता येतील तेवढीच कामं घेतात. ताई हळूहळू बोलायला लागली, सणावाराचे कपडे, दुखणीखुपणी, सगळं. फक्त पायावाली घरात असली की ती नवऱ्याला कशावरूनही टोकत नाही. भाजीत मीठ सांडलं तरी नाही. तोंडापर्यंत आलेला शब्द थांबतो, ताई एकदा बहिणीकडे बघते आणि उठून आत जाते.