धवल्याखाली धरलेला सूर

माझ्या उजव्या हाताची करंगळी शटरमध्ये सापडून आखडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लिहायला-जेवायला काही अडणार नाही. खरंच अडलं नाही. अडलं ते गिटारला. गिटारवरचं आवाजाचं बटण मी त्या करंगळीनेच फिरवायची. बाकीची बोटं तारा छेडत असायची आणि ती एकटी आवाज वरखाली करायची. आता ती नुसतीच ताठ उभी राहू लागली. म्हणून मी एक वापरलेला डिजिटल प्रोसेसर घेतला. पायाशी ठेवायची चपटी पेटी, आणि तिच्या एका बाजूला गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं पेडल. टाच दाबली की आवाज बंद, चवडा दाबला की पूर्ण.

पनवेलमधला आमचा ग्रुप मुळात दादाचा. माझा थोरला भाऊ. दिवसभर न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात असतो आणि लग्नाच्या हंगामात कीबोर्ड घेऊन आसपासच्या गावांतल्या हळदी करतो. माझं बोट आखडल्यावर त्याने तळोज्याच्या एका गिटारवाल्याला माझ्या जागी यायला सांगून ठेवलं होतं. मला ते त्या गिटारवाल्याकडूनच कळलं. मी दादाला विचारलं, तर तो नजर चुकवत म्हणाला, "ओव्याची हळद तू कर. मग बघू."

ओवे गावातल्या त्या हळदीत एक वेगळी अडचण होती. नवरीच्या वडिलांची आत्या त्या घरची धवलारीण. हळद लागताना धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, तिनेच गायचे, गेली कित्येक वर्षं सगळ्या गावाची हळद तिच्याच आवाजात लागलेली. पण तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आवाज होता, दम नव्हता. दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला थांबली की सूर हातचा सुटायचा आणि पुढची ओळ भलतीकडेच सुरू व्हायची. घरच्यांना वाटत होतं, कुणीतरी मागे सूर धरून ठेवावा.

आम्ही तिच्या घरी बसून पाहिलं. दादाने कीबोर्डवर सूर दाबून ठेवला, तर म्हातारीने हात वर केला. "त्याला गप कर. तो माज्यावर बोलतो."

मग मी तार छेडली, पण पेडल बंद ठेवून, आणि छेडल्यावर हळूहळू उघडलं. तारेवरचा आघात ऐकूच येत नाही, सूर नुसता खालून वर येतो. तिने डोळे मिटून ऐकलं. "हां. आसा ठेव."

हळदीच्या दिवशी आम्ही उन्हं कलायच्या आत मांडवात पोचलो. स्टेज म्हणजे फळ्या आणि वर जाड गालिचा. घरी मी खुर्चीत बसून सगळं लावलं होतं. इथे उभं राहिल्यावर पायाचा भार वेगळा पडला. चवडा पूर्ण दाबला की पेडलच्या टोकाखालचं बटण खट्कन दाबलं जायचं आणि पेडल आवाजाचं काम सोडून वाव-वाव करायला लागायचं. साउंडवाला हसला. दादा हसला नाही.

"आज नको ते मशीन," तो म्हणाला. "सरळ वायर लाव."

"सरळ वायर लावून मी आवाज कशाने कमी करू?"

तो कीबोर्डच्या वायरी जोडायला वळला. मी गुडघ्यांवर बसून छोट्या पडद्यावरची पानं उलटू लागले. आधी ते टोकाखालचं बटण निकामी केलं. मग पेडलची जागा बदलली. घरी ते घुमाऱ्याच्या, म्हणजे सूर घुमत ठेवणाऱ्या इफेक्टच्या पुढे, सगळ्या इफेक्टच्या साखळीच्या शेवटी होतं, त्यामुळे टाच दाबली की दार आपटावं तसा सूर तुटायचा. ते मी घुमाऱ्याच्या आधी आणलं. आता पेडल बंद केलं तरी आधीचा सूर मागे विरत राहायचा. म्हातारीच्या श्वासाएवढी जागा त्यातच भरून निघणार होती. मी वाजवून पाहिलं. जमलं होतं. सेव्ह करायला बोट नेलं, तेवढ्यात लाइट गेली.

जनरेटर लगेच सुरू झाला, मांडव पुन्हा झगझगला. माझा पडदा काळा होऊन परत उजळला, आणि त्यावर सगळं जुनंच. टोकाखालचं बटण जिवंत. पेडल पुन्हा शेवटी.

त्याच वेळी बायका नवरीला पाटावर घेऊन आल्या. पाठोपाठ धवलारीण आली. हिरवं लुगडं, दोघींनी धरलेले हात. साउंडवाल्याने तिच्यासमोर माइक ठेवला. दादा माझ्याकडे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "झालं?"

"थोडं थांबव त्यांना."

"मुहूर्त आहे गं. कसं थांबवू?"

आणि तिने सुरुवात केली. माझ्याकडे न बघताच. मी अजून खाली बसलेली, घामाने बोट पडद्याच्या बटणावरून घसरत होतं. पहिली ओळ तिने नीट पार पाडली. हळदीची वाटी फिरू लागली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. कुणीतरी खाकरलं. तिसरी ओळ तिने उचलली ती वेगळ्याच सुरात, आणि तिचं तिलाच कळलं. ती थांबली.

मांडवात माणसं खच्चून भरलेली होती. तळोज्याकडचा कारखान्यांचा वास वाऱ्याबरोबर आत येत होता. नवरीने मान वर केली. म्हातारीचे ओठ हलत होते, पण सूर सापडत नव्हता, आणि आता मात्र तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी टोकाखालचं बटण पुन्हा निकामी केलं, पेडल घुमाऱ्याच्या आधी आणलं, या वेळी आधी सेव्ह दाबलं, आणि उभी राहिले. पण अजून एक भीती होती. हे मशीन नव्याने सेटिंग उघडतं तेव्हा पाय कुठे आहे ते त्याला कळत नाही. पेडल हलवेपर्यंत आवाज पूर्ण असू शकतो. मी तारांवर तळवा दाबून धरला, पेडल एकदा वर आणि एकदा खाली नेलं. मग टाच पूर्ण टेकवली आणि तिचा सूर छेडला. काहीच ऐकू आलं नाही. बरोबर होतं. चवडा इतका सावकाश खाली नेला की पोटरी थरथरायला लागली. सूर आला. आधी मलाच खात्री नव्हती, मग मांडवाच्या मागच्या टोकाला बसलेल्या बायकांनी माना वळवल्या.

तिने श्वास घेतला आणि ओळ परत उचलली. नेमकी जागेवर. तिचा आवाज वर गेला तसा मी पाय मागे घेतला. ती दमायला लागली की पुढे. तिच्या खांद्यांकडे बघत राहिले. खांदे उचलले गेले की श्वास येणार, म्हणजे मी यायचं. पुढच्या धवल्याला शेजारच्या बायकांनीही आवाज मिसळला, आणि शेवटाकडे तर मी टाच टेकवून नुसती उभी होते. माझी गरजच उरली नव्हती.

हळद लागली. बायका नवरीला आत घेऊन गेल्या. मी स्टेजच्या कडेला बसले. दादा पाण्याची बाटली घेऊन आला, शेजारी टेकला, आणि म्हणाला, "त्या तळोजावाल्याला फोन करून टाकतो. नको म्हणून."

धवलारीण दोघींच्या आधाराने तिथवर आली. गालांना हळद लागलेली. मला वाटलं कौतुक करेल किंवा उशीर झाला म्हणून बोलेल. मीच आधी म्हटलं, "आजी, माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं. मशीन बंद पडलं होतं. मी फार घाबरले होते."

"मी पन भ्यायलेली," ती म्हणाली. "घरान कोनाला सांगला नाय. सकालपासून पानी पन गेला नाय घशाखाली."

मी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. ती माझ्या शेजारी फळीवर टेकली आणि घोट घोट करत सगळी बाटली प्यायली. मांडवातली पोरं नाचाच्या गाण्यासाठी ओरडायला लागली होती. दादा उठून कीबोर्डकडे गेला.