गुरुवारचा उपवास

ऑपरेशनला सात महिने झाले होते आणि मला अन्नाची किळस यायला लागली होती. अन्नाची म्हणण्यापेक्षा त्याच्या ढिगाची. मी साताऱ्यात मेस चालवते. पोरं पोळ्यांची चळत पुढ्यात ओढतात, भाताचा डोंगर करून मधे आमटीचं तळं करतात, बोटं चाटतात. वीस-बावीस वर्षं हे बघून मला बरं वाटायचं. आता मी पंगत बसली की मागच्या दाराशी जाऊन उभी राहते.

सांगलीच्या एका दवाखान्यात माझ्या पोटाचा मोठा भाग कापून काढला. उरलंय ते केळ्याएवढं. जेवण म्हणजे अर्धी वाटी मऊ डाळ किंवा पनीरचे चार तुकडे. प्रत्येक घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही, पुढे अर्धा तास नाही. घाई झाली तर घास छातीच्या हाडामागे अडकतो. मग तोंडात लाळ दाटते, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी चिकट, ताणली तरी न तुटणारी. ती थुंकत बेसिनशी उभं राहायचं. गोड खाल्लं तर दरदरून घाम, छातीत धडधड आणि संडासकडे धाव. केस मूठमूठ गळतात. दंडाची कातडी ओल्या टॉवेलसारखी लोंबते. वजन मात्र उतरलं, गुडघे दुखायचे थांबले. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप मला एक दिवसही झाला नाही.

हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मुलीने तशी शपथच घातली होती. तिचं लग्न नुकतंच कुंडलकडच्या एका गावात, ऊसवाल्या घरात झालं होतं. पोरगी अंगाने माझ्यावर गेलेली. बघायला आले तेव्हाच तिची सासू हसत म्हणाली होती, "पोरगी खात्यापित्या घरची दिसतीया." तेव्हापासून पोरीने धसका घेतला.

"आई, पोट कापल्याचं कळलं तर त्या माझ्या ताटात भाकरी मोजतील," ती म्हणाली. "पित्ताचे खडे काढले म्हणून सांग."

मी सांगितलं. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, गैरसोय मात्र होते. त्यांच्या गावच्या यात्रेला विहीण म्हणून पहिल्यांदा जायचं ठरलं आणि गैरसोय समोर येऊन उभी राहिली. यात्रेचं जेवण म्हणजे मटण. पाहुणा ताटावरून सुटत नाही. नशिबाने वार गुरुवार होता. मी दारातच जाहीर केलं, "माझा गुरुवार आहे हं."

खुद्द मेसवालीने करावी अशी ही चूक नव्हती. माझ्याच मेसमध्ये उपवासाला साबुदाण्याचं पातेलं भाताच्या पातेल्याआधी रिकामं होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

विहीणबाईंचा चेहरा उजळला. "यात्रंला बी उपास मोडत न्हाईत! आगं, ऐका गं," त्यांनी आत हाक दिली, "विहीणबाईंच्या उपासाचं बघा!" त्यांच्या दोन जावा मटणाचा डेरा सोडून उठल्या. तासाभरात माझ्यापुढे ताट आलं. तुपात निथळणारी साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, तळलेला बटाटा, साखर घातलेलं दही, मुठीएवढा शेंगदाण्याचा लाडू. शेजारी मटणाच्या रश्श्यावर तांबडा तवंग हलत होता आणि एक दाढीवाला पाहुणा नळीतला मगज ओढून घेत होता.

मुलगी वाढत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी चार साबुदाणे चावत बसले. विहीणबाई समोर मांडी घालून बसल्या. "आवं, ह्ये काय चिमणीवानी? पैल्यांदा आलाय, एक घास माज्या हातचा."

"नको, खरंच नको. होत नाही."

"न होयाला काय झालं? उपाशी हाय तुमी." त्यांनी खिचडी दह्यात कालवली, गोळा केला आणि मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आत सारला.

सगळे बघत होते. थुंकता येईना, गिळला. तो जाऊन हाडामागे बसला. छाती आवळली, उचकी लागली आणि लाळ सुटली. पदर तोंडाला लावून मी न्हाणीकडे पळाले.

मागून त्या घरच्या एका म्हाताऱ्या आत्याचा आवाज आला, "आगं बया! दिवस गेल्यावानी करतीया की विहीण!" पंगत खदखदून हसली.

न्हाणीत मी मोरीवर वाकले. आधी नुसता फेस आला, मग दोऱ्यासारख्या लाळेत ओवलेले साबुदाणे, अख्खेच्या अख्खे, बेडकाच्या अंड्यांसारखे. मोरीची जाळी तुंबली. दुसऱ्याच्या घरची मोरी, म्हणून मी बोटांनी ते उचलायला लागले. टाकायला काही मिळतं का म्हणून बघितलं, तर बंबाशेजारी उसाच्या चिपाडांचा ढीग होता. त्यातलं मूठभर ओढलं आणि बिस्किटाचे रिकामे पुडे बाहेर आले. सात-आठ असतील. प्रत्येक कागद पिळून त्याला गाठ मारलेली. कागदाला गाठ मारायची माझ्या मुलीची शाळेपासूनची सवय.

ती इथे, या मोरीशी उभी राहून बिस्किटं खात होती आणि सकाळी पुडे बंबात जाळत होती. चारचौघांत अर्धी भाकरी. मीही तेच केलं होतं. मेस बंद झाल्यावर पातेल्यातलं उरलेलं उभ्याने, हाताने खरवडून. तेवढं आठवलं आणि पुन्हा फेस आला. या वेळी साबुदाण्याचा दोष नव्हता.

मी मोरी धुतली, पुडे परत चिपाडात सारले, तोंड पुसून बाहेर आले.

"पित्त खवळलं व्हय?" विहीणबाई म्हणाल्या. त्या खरोखर घाबरल्या होत्या.

"पित्त नाही आणि उपवासही नाही. वजनासाठी माझं पोट कापून लहान केलंय. चार घासांवर जेवण जात नाही."

मुलीच्या हातातली भाकरीची बुट्टी खाली टेकली.

"म्हंजे पोटच काढलं?" आत्या म्हणाली.

"बरंचसं."

"मग ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय? मी काय वैरीण हाय?" विहीणबाई तडकल्या. मग त्यांची नजर हळूच सुनेकडे वळली, कमरेपासून वर. "मंजी हिला बी जपाय पायजे आता. कमीच वाढत जाऊ."

पोरीने घाबरून सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं होतं.

"कमी नको," मी म्हणाले. "मला केलात तसा आग्रहही नको. तिला विचारा, ती सांगेल तेवढं वाढा, पण सगळ्यांबरोबर बसवून वाढा. आत्ता वाढा. माझ्यादेखत."

मुलीने माझ्याकडे असं बघितलं की ती महिनाभर फोन करणार नाही हे मला कळलं.

विहीणबाईंनी माझं ताट स्वतः उचललं आणि त्या जागी पाट सरळ केला. "बस गं," त्या सुनेला म्हणाल्या. "किती घेतीस?"

"दीड," ती खाली बघून म्हणाली.

त्यांनी दीडच वाढली. आत्याने दुसरी अर्धी पुढे केली, तेव्हा "दीड म्हणली न्हवं ती?" म्हणून तिचा हात बाजूला सारला.

पोरीने भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला. तांबडं तेल तिच्या मनगटापर्यंत ओघळलं. तो वास आणि तो ओला आवाज मला सहन होत नव्हता. दारात जाऊन उभी राहिले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. तिची दीड भाकरी संपेपर्यंत मी तोंडाने श्वास घेत समोर बसून राहिले.