सहीवाली थोरली

दोघी जावा एकाच घरात राहायच्या आणि एकाच सरकारी पाणी कंपनीत कामाला होत्या. थोरली वरच्या मजल्यावर पर्यवेक्षक, धाकटी खाली तक्रारीच्या खिडकीवर. थोरलीच्या सहीशिवाय तिथं पान हलत नसे. साधा नळ गळला तरी लोक जिना चढून तिच्या टेबलाशी अदबीनं उभे राहत. तिला ते आवडायचं.

मग नवे साहेब आले. म्हणाले, "खिडकीवर बसणाऱ्यानंच निर्णय घ्यायचा. वर पाठवायचं नाही."

हळूहळू रांग ओसरली, कामं पटापट होऊ लागली. लोक थोरलीलाच विचारायचे, "त्या हसऱ्या बाई कुठं बसतात?" तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी सासूबाईही धाकटीलाच म्हणायच्या, "आज काय सोडवलंस गं?" थोरली अर्ध्या ताटावरून उठायची.

एका सकाळी धाकटीनं गळती काढायला नाक्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. थोरली जिन्यातच होती. मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीचं पाणीही त्यावरच, हे तिला ठाऊक होतं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. पडू दे एकदा तोंडावर.

दुपारी लॉन्ड्रीवाली कोपरापर्यंत फेसाच्या हातांनी ऑफिसात आली. साहेबही खाली उतरले.

"चूक माझी," धाकटी म्हणाली. "बंद करायला मीच सांगितलं. टँकर निघालाय, मीही येते तुमच्याबरोबर."

लॉन्ड्रीवाली कुरकुरत तिच्यासोबत गेली. साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी गल्लीत विचारून घ्या."

थोरली जिन्यातून हे सगळं बघत होती. आजवर काही बिघडलं की ती म्हणायची, "वरूनच तसं आलं होतं." सही तिची, पण निर्णय कधीच नाही. त्या दिवशी तिला धाकटीच्या चुकीचाही हेवा वाटला.

संध्याकाळी भांडी घासताना धाकटीनं विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना? जिन्यात दिसलात मला."

"होतं."

"मग?"

"तुझं चांगलं बघवत नव्हतं."

धाकटीनं हातातलं पातेलं जोरात आपटलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं साहेबांकडे खालची खिडकी मागून घेतली. आता दोघी शेजारी बसतात. लोक अजूनही धाकटीपुढेच थांबतात, आणि थोरली मान बाहेर काढून म्हणते, "इकडे या की. माझ्याकडेही पाणीच मिळतं."