आधी नाव विचार

‘हिचा हात सोन्याचा आहे’ असं कुणी म्हटलं की हल्ली माझं डोकंच फिरतं.

माझी धाकटी जाऊ नर्सिंग कॉलेजात शिकवायची. तोंडाने फटकळ, हाताने लोणी. मी इतिहास शिकलेली. शिकणं म्हणजे काय, यावरून आम्ही दोघी भांडी घासता घासता वर्षानुवर्षं भांडलो. प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारता आलं की माणूस शिकला, असं माझं म्हणणं. ती म्हणायची, “जाऊबाई, हातात सुई धरून ‘कशावरून’ करत बसलं तर पेशंट पळून जाईल. आमच्यात हात बसला की शिकला.”

मग तिच्या वर्गात ती मुलगी आली. हात असा, की शिरेने आपणहून वर यावं. पण परीक्षेत शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोन बायकांचं रक्त तिने सफाईने घेतलं आणि एकीच्या नळीवर दुसरीचं नाव चिकटवलं. नाव विचारायची तसदीच घेतली नव्हती. जाऊने वेळीच पाहिलं, नळ्या फेकायला लावल्या आणि तिला नापास केलं.

मुलीचा मामा संस्थेचा सचिव. तरातरा आला. हात बसला की शिकला, हे तुम्हीच वर्गात सांगता ना, म्हणाला. जाऊ म्हणाली, सांगत होते, चुकत होते. पुन्हा परीक्षा घेते, खुर्चीत तुम्ही बसा.

बसला. मुलीने त्याच्या दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली, सुई उचलली.

“आधी नाव विचार,” जाऊ म्हणाली.

“मॅडम, हे माझे मामा आहेत.”

“कशावरून?”

मुलगी फिदीफिदी हसली. मामा लालबुंद. त्याच्याच संस्थेत त्यालाच नाव विचारायचं!

“ओळखीचा म्हणून विचारणार नाहीस, परका म्हणूनही विचारणार नाहीस. मग विचारणार कधी? नापास.”

आठवडाभरात दुसऱ्या परीक्षकाने मुलीला पास केलं आणि जाऊची बदली कोठारात झाली, चादरींवर लक्ष ठेवायला. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले, पण तोंड कडूच झालं.

ती मुलगी आता आमच्याच भागातल्या दवाखान्यात रक्त घेते. परवा माझी पाळी आली. दंडाला पट्टा आवळला, सुई उचलली. मी हात मागे घेतला.

“आधी नाव विचार.”

“काय आजी, तुम्हाला कोण ओळखत नाही?” हसून म्हणाली.

पट्टा सोडून मी तिच्या टेबलावर टाकला आणि घरी आले.