काढेवालीचा नकार

प्रयोगशाळेत तिला सगळे काढेवालीच म्हणत. झाडांची पानं, साली सावलीत वाळवायच्या, दळायच्या, अल्कोहोलात भिजवून अर्क काढायचा, हे तिचं काम. अर्क टाकल्यावर जांभळं द्रावण पिवळं पडलं, तर तो अर्क अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीराला गंजू न देणारा. मग तोच अर्क ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घालायचा आणि किती मेल्या ते मोजायचं.

तिच्या ताईला पोटाचा कर्करोग झाला. औषधं लागू पडेनाशी झाली तसे भाऊजी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या अर्कानं पेशी मरतात ना? मग एक बाटली दे."

"भाऊजी, साबणाच्या पाण्यानंही मरतात. ताईला साबण पाजू का?"

"सख्खी बहीण ना तू?"

तिनं बाटली दिली नाही. भाऊजींनी बोलणं टाकलं. ती ताईला भेटायला घरी गेली की ते उठून गच्चीत जात.

ताई उशीला टेकून म्हणाली, "त्याला वाटतं, तू औषध दडवून ठेवलंयस."

"दडवण्यासारखं काही नाहीच गं."

"ठाऊक आहे. असतं तर माझं नाक दाबून पाजलं असतंस." ताई हसली, हसताना पोट धरलं. "पण मी सांगून त्याला पटणार नाही. तूच दाखव."

सरांची परवानगी काढून तिनं भाऊजींना आत नेलं, कोट घालायला दिला, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी आक्रसून तरंगत होत्या. भाऊजींचा चेहरा उजळला. तिनं दुसरी ताटली सरकवली.

"ह्यापण मेल्यात की."

"ह्या निरोगी माणसाच्या. अर्क तोच."

भाऊजी बराच वेळ काचेला डोळा लावून बसले. मग कोट काढून, घडी घालून तिच्या हातात दिला.

पावसाळा सरता सरता ताई गेली. काढेवालीला रडू आलं नाही. ती कामावर आली तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, रजा घे की."

"घरी बसून काय करू?"

पुढं एका सालीच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मारल्या आणि निरोगी पेशी बऱ्यापैकी राखल्या. सरांनी पाठ थोपटली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिला ना आनंद झाला ना राग आला. बधिर दाढेवर बोट फिरवावं तसं वाटलं.

"परत करून बघू," ती म्हणाली आणि साल दळायला बसली.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. कित्येक दिवसांनी आवाज ऐकला.

"वॉशिंग मशीनमधलं पाणी जात नाहीये. तुझी ताई काय करायची गं?"

"खाली उजवीकडे झाकण आहे. आत जाळी आहे, ती धुवा. आधी फडकं घ्या, पाणी सांडेल."

"थांब हं, ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

पलीकडे पाणी सांडल्याचा आवाज आला. फोन कानाला धरून ती तशीच उभी राहिली.