रेक्झिनचं लाळेरं

ओमानमध्ये थंडी वाजते, असं मी पुण्यात सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. त्यांचा दोष नाही. जूनमध्ये मस्कतला कोणी मोटारसायकलच्या टाकीवर तळहात टेकवून दाखवावा, मी त्याला चहा पाजीन. पण जानेवारीत उजाडता उजाडता, वारा सुटलेला असताना मस्कतबाहेर फंजा गावाच्या पुढच्या डोंगरांतून जावं. तापमान तेरा अंश असतं. त्या तेरा अंशांत ताशी शंभरने दीड तास बसलं की हाताची बोटं आपली राहत नाहीत.

आमचा मोटारसायकलींचा क्लब होता. बाराजण, सगळे कसले ना कसले मॅनेजर. प्रेसिडेंट मूळचे कोथरूडचे, राहायला मस्कतच्या श्रीमंत वस्तीत, मदिनत सुलतान काबूसला. ते एकदा लडाखला जाऊन आले होते आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही तापमान लडाखशी ताडून बघायचे. क्लबची नियमावली नऊ पानांची होती. प्रस्तावनेत बंधुभाव हा शब्द चार वेळा येई. बिनबाह्यांचं काळं चामड्याचं जाकीट सर्वांत वर घालायचं, पाठीवरचा गरुडाचा बिल्ला झाकला जाता कामा नये, असा एक नियम होता. आत प्रत्येकाचं जाळीचं जॅकेट. ती आम्ही एका उन्हाळ्यात घाऊक घेतली होती, कारण दुकानदार म्हणाला, गल्फमध्ये हेच चालतं. थंडीत त्यातून वारा चाळणीतल्या पाण्यासारखा आरपार जायचा. दोन हिवाळे कोणी हे बोललं नाही. जो पहिला बोलेल त्याने लडाख पाहिलेलं नाही, हे सिद्ध झालं असतं.

ते गरुड ज्यांनी दोऱ्याने भरले, ते मास्टर मस्कतच्याच वादी अदाई भागात माझ्याच इमारतीच्या खाली शिवणाचं दुकान चालवायचे. दापोलीकडचे मुसलमान, पन्नाशी उलटलेले. दिशदाशे, म्हणजे ओमानी पुरुषांचे लांब झगे, आणि शाळेचे गणवेश शिवायचे आणि तयार कपडे जुन्या दीडशे सीसीच्या गाडीवरून अमरातपर्यंत पोचवून यायचे. शुक्रवारी आम्ही पेट्रोल पंपावर जमलो की दुकानाच्या पायरीवर उभे राहून आमचं निघणं बघायचे. क्लबात घ्या, असं त्यांनी दोन वर्षं विचारलं. शेवटी प्रेसिडेंट हो म्हणाले. अट एकच: जानेवारीत डोंगरांपलीकडच्या इब्रा गावापर्यंतची फेरी शेवटच्या नंबरावर करायची, रांग सुटता कामा नये. मग मतदान, मग बिल्ला, मग सगळ्यांसोबत फोटो.

मास्टरांनी तेरावा गरुड भरून गल्ल्याशेजारच्या खणात ठेवला. मला एकदा दाखवला.

"पोराला सांगून ठेवलंय, बापाचा फोटो येतो म्हणून," ते म्हणाले. "त्याला वाटतं, बाप इथे नुसता काज-बटणं करतो."

"मग काय करता?"

"काज-बटणंच करतो. पण शुक्रवारी नाय ना करणार."

फेरीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला दुकानात उभं करून छातीचं माप घेतलं. "थंडी नाय मारत हो साहेब, वारा मारतो. छातीला दार लावायचं, बास." दोन दिवसांत छाती झाकणारा एक तुकडा शिवून दिला: बाहेरून तपकिरी रेक्झिन, आतून जुनं ब्लँकेट, मानेला आणि कमरेला नाड्या. हातमोज्याच्या आत घालायला प्लास्टिकचे पातळ मोजे, हॉटेलात पराठे वाढणारा पोऱ्या घालतो तसले. घालून मी गच्चीवर वाऱ्यात उभा राहिलो. काहीही लागलं नाही. खाली येऊन म्हणालो, "मास्टर, हे क्लबात कोणाला बोलू नका."

"शिंप्याने मापं बोलायला लागायचं तर धंदा बंद करावा लागेल," ते म्हणाले.

त्या शुक्रवारी पंपावर तेरा गाड्या उभ्या होत्या. मास्टर सगळ्यांत शेवटी आले. डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट, आणि कोटाच्या वर, राजरोस, रेक्झिन. आम्ही ते जॅकेटच्या आत लपवत होतो, म्हणजे मी लपवत होतो; त्यांना लपवण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं. प्रेसिडेंट त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"हे काय मास्टर, लाळेरं?"

सगळे हसले.

"वाऱ्यासाठी, सर."

"खिमट भरवायचंय का तुम्हाला वाटेत?"

"सर, दुधाची बाटली आणलीय का तेही विचारा," एक बँकवाला म्हणाला.

"इब्राच्या चौकात फोटो आहे आपला," प्रेसिडेंट म्हणाले. "बारा माणसं आणि एक बाळ, असा नको. काढा ते."

"कोटाच्या आत घालतो, सर."

"आत-बाहेर काही नाही. थर्टीन डिग्री आहे. लडाखला याच्यात आम्ही बनियनवर चहा प्यायचो. जमत नसेल तर घरी जा, नो प्रॉब्लेम. आणि हातात ते काय, प्लास्टिक? ऑपरेशन करणार आहात का कोणाचं?"

मास्टरांनी आमच्याकडे बघितलं. त्यांची नजर एकेकाच्या छातीवरून बाराही जणांवर फिरली, शिंपी बघतो तशी, कापड कुठे फुगलंय ते. शेवटी माझ्यापाशी थांबली. मग त्यांनी नाड्या सोडल्या, घडी घातली, प्लास्टिकचे मोजे घडीत ठेवले आणि ती माझ्या गाडीच्या डब्यात ठेवायला दिली.

मी बोलू शकलो असतो. बोलायला मला जॅकेटची चेन खाली ओढावी लागली असती. म्हणून मी म्हणालो, "सरळ रस्ता आहे मास्टर. जमेल."

"यल्ला, निघू या," प्रेसिडेंट म्हणाले.

आरशात मला मास्टरांचा दिवा दिसत होता. फंजापर्यंत तो जागेवर होता. डोंगर सुरू झाले, वारा आडवा यायला लागला, आणि दिवा मागे पडायला लागला. पडायचा, पुन्हा गाठायचा. छोट्या इंजिनाला पिळून ते आमच्या शंभरला येत होते. पुढे एका लांब चढानंतर दिवा दिसला नाही, आणि मी वेग कमी केला नाही. रांग सुटू द्यायची नाही, असा नियम होता.

इब्राच्या चौकात आम्ही गाड्या लावून उभे होतो तेव्हा मास्टर आले, दहा-बारा मिनिटांनी. अगदी हळू येत होते. ब्रेकच्या दांडीवर बोटं ठेवलेली दिसत होती, पण ती मिटलीच नाहीत. गाडी कठड्याला धडकली आणि आडवी झाली. लागलं फारसं नाही. गुडघा सोलला, हँडल वाकलं. ते कठड्यावर बसले, दोन्ही हात काखेत घालून.

"बोटं ऐकत नायत," ते मला म्हणाले. "हेल्मेटचा पट्टा तेवढा सोडा."

मी सोडला. त्यांची हनुवटी दगडासारखी गार होती.

समोरच्या हॉटेलात आम्ही चहा-पराठे मागवले. ऊन वर आलं होतं, आतली हवा कोंदट होती. पाच मिनिटांत बँकवाल्याने चेन खाली ओढली. आत तपकिरी रेक्झिन. मग त्याच्या शेजारच्याने. मग समोरच्या दोघांनी. मी मोजत होतो; नवावर मोजणं सोडलं. प्रेसिडेंट दुसऱ्या चहापर्यंत टिकले. कपाळावरून घामाचा ओघळ भुवईत उतरला तेव्हा त्यांनीही चेन ओढली. त्यांच्या लाळेऱ्याला आतून ब्लँकेट नव्हतं, नवं कोरं फ्लॅनेल होतं.

प्रत्येकाने आपापलं गुपित मास्टरांच्या पोटात ठेवलं होतं, आणि त्यांनी ते पेट्रोल पंपावर, बारा जणांच्या हसण्यातही, पोटातच राहू दिलं होतं. आता ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ग्लासातच बघत होते.  कोणीतरी पराठा चांगला आहे म्हणालं.

"आपण फॉर्म्यालिटी उरकून घेऊ," प्रेसिडेंट म्हणाले. "मास्टर, तुमच्या समोरच घेतो. ट्रान्स्परन्सी हवी. पर्सनल काही नाही, तुमच्या जिद्दीचं कौतुकच आहे. पण रांग सुटली. नियम भावनेवर चालवले तर क्लब चालत नाही. नकोच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. हात वर केला की जॅकेट वर सरकतं आणि कमरेच्या नाड्या दिसतात. मी माझा सगळ्यांच्या शेवटी वर केला, आणि तेवढ्यावर त्या दिवशी स्वतःला जरा बरा माणूस समजलो.

"खलास," मास्टर म्हणाले.

बाहेर फोटोसाठी सगळ्यांनी चेना गळ्यापर्यंत वर घेतल्या. वाटसरू शोधायची गरज पडली नाही.

"मास्टर, तुम्ही काढा ना. सगळे आले पाहिजेत, गाड्यांसकट," एकजण म्हणाला.

त्यांचं बोट अजून सरळ होत नव्हतं. त्यांनी फोन डाव्या तळव्यावर धरला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या पेराने दाबला. दोनदा फोटो हलला. तिसरा चांगला आला.

फेब्रुवारीत क्लबात एक नवीन साहेब आले, कुठल्याशा कंपनीचे डायरेक्टर. कंबरेच्या त्रासामुळे त्यांना थंडीच्या फेरीतून सूट मिळाली. त्यांचं जाकीट प्रेसिडेंटनी माझ्याकडे पाठवलं. मेसेज होता: "मास्टरकडे एक बिल्ला एक्स्ट्रा पडलाय ना, तोच लावून घे."

मी खाली गेलो. मास्टरांनी मेसेज वाचला, खण उघडला, गरुड काढला, जाकिटाच्या पाठीवर ठेवून खडूने चार खुणा केल्या.

"हे साहेब इब्राला जाऊन आले?"

"नाही. कंबर दुखते त्यांची."

"हां." त्यांनी मशीन सुरू केलं. मी थांबलो. गरुडाच्या एका पंखावरून सुई फिरून आली.

"मुलाला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"फोटो पाठवला."

"कुठला?"

"तोच, इब्राचा. त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात यात. म्हटलं, अरे, फोटो मी काढलाय, मग मी कसा दिसणार." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "पटलं त्याला."

जाकीट घेऊन मी वर आलो. काम झालं, असं प्रेसिडेंटना कळवलं. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला.